शुद्धाशुद्धविवेक : इंग्रजी व मराठी लेखनातील नियमांचे स्वरूप

१

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर बृहन्मुंबईच्या हद्दीतील शेवटचे स्थानक म्हणजे दहिसर. स्थानकाच्या फलकावर हे नाव 'दहिसर' असे, म्हणजे ह्रस्व 'हि' घालून, लिहिलेले असते. गावातील पाट्यांवर, निमंत्रणपत्रिकांवर आणि खाजगी पत्रव्यवहारात मात्र 'दहीसर' हे दीर्घ 'ही'चे रूपही आढळते. या दोहोंपैकी शुद्ध कोणते, असा प्रश्न केल्यास उत्तर कठीण नाही. मराठी घडणीच्या शब्दात जो इकार शब्दाच्या अंती नाही व अंत्य व्यंजनाच्या लगत मागेही नाही, तो साधारणतः ह्रस्व येतो. म्हणून 'दहिसर' हे रूप ग्राह्य. 'दहीभात', 'दहीवडा' हे सामासिक शब्द ज्यांच्या कानात घोळत असतात ते त्यांच्या साम्याने 'दहीसर' लिहितात, इतकेच. रोमन लिपीत लिहिलेल्या याच नावात तर हा भेद दिसतही नाही. दीर्घ लिहिणारा आणि ह्रस्व लिहिणारा या दोघांनाही गाडी एकाच फलाटावर उतरविते.

आता दुसरे उदाहरण घेऊ. याच उपनगरातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर पुढील वाक्य लिहिले आहे अशी कल्पना करावी : 'थकबाकीदार सभासद व भाडेकरू यांना आवारात वाहन उभे करण्यास मनाई आहे.' या वाक्यात एकही अक्षर चुकलेले नाही. ह्रस्वदीर्घ यथास्थित आहेत, पूर्णविराम जागच्या जागी आहे. तथापि ज्या भाडेकरूने आपली सर्व देणी वेळेवर दिली आहेत त्याला वाहन उभे करता येईल की नाही, हे या वाक्यावरून कळत नाही. 'थकबाकीदार' हे विशेषण एकट्या 'सभासद' या शब्दाचे आहे, की 'भाडेकरू' या शब्दाचेही आहे? पहिला अर्थ घेतला तर सर्व भाडेकरूंना बंदी होते. दुसरा घेतला तर केवळ देणे थकविणाऱ्यांना. या एका 'व'वरून भांडण उपस्थित होऊ शकते आणि ते भांडण व्याकरणाचे राहत नाही.

लेखनशुद्धीचा कडक आग्रह धरणारा सामान्य परीक्षक पहिल्या उदाहरणावर तांबडी रेघ ओढील आणि दुसरे निर्दोष म्हणून पुढे जाऊ देईल. ज्या चुकीने कोणाचेही नुकसान होत नाही ती त्याच्या दृष्टीस पडते. जिने होते ती निसटते. असे का व्हावे, याचा विचार करू लागले म्हणजे असे दिसून येते की, 'शुद्ध' या एकाच शब्दाखाली भिन्न स्वभावाचे अनेक नियम एकत्र बांधले गेले आहेत. त्यांची निवड करून प्रत्येकाचे प्रयोजन स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

लेखनविषयक नियमांचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतात. पहिला वर्ग अर्थरक्षक नियमांचा. हा नियम मोडला असता वाक्याचा अर्थ बदलतो किंवा संदिग्ध होतो. दुसरा वर्ग संकेतरूप नियमांचा. येथे अर्थाला सहसा बाध येत नाही. परंतु सर्वांनी एकच रूप लिहिले असता वाचन सुकर होते, कोशात शब्द सापडतो, मुद्रणात एकवाक्यता राहते. रस्त्याच्या कोणत्या बाजूने वाहन चालवावे, या नियमासारखा हा नियम आहे; डावी बाजू उजवीहून अधिक सत्य नसते, पण सर्वांनी एक बाजू धरावी हे हिताचे असते. तिसरा वर्ग प्रतिष्ठारूप नियमांचा. हा नियम पाळल्याने अर्थ अधिक स्पष्ट होत नाही, वाचनही सुलभ होत नाही. लिहिणारा अमुक शाळेत शिकला, अमुक घरात वाढला, एवढेच त्यावरून कळते.

ही वर्गवारी इंग्रजीच्या बाबतीत लावून पाहणे विशेष उद्बोधक आहे. कारण मुंबईच्या उपनगरांत 'शुद्ध भाषा' या शब्दांनी पुष्कळदा शुद्ध इंग्रजीच अभिप्रेत असते. दहिसरसारख्या ठिकाणी आगरी, कोळी, वारली व ईस्ट इंडियन ख्रिस्ती हे जुने रहिवासी आहेत; १९५७ साली हा भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाल्यानंतर येथे वस्ती वाढत गेली आणि कोकणातून, देशावरून, गुजरातेतून व उत्तर भारतातून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली. यांपैकी बहुतेकांच्या घरात इंग्रजी ही बोलण्याची भाषा नव्हती. ती शाळेत, पुस्तकावरून शिकावयाची भाषा होती. जी भाषा कानाने शिकली जाते तिच्यात चूक झाली तर कान सांगतो. जी पुस्तकावरून शिकली जाते तिच्यात नियम हाच एकमेव आधार असतो. इंग्रजी व्याकरणाविषयीचा आग्रह मराठी सुशिक्षितांत इतका तीव्र का, याचे एक कारण येथे सापडते. जेथे सहज प्रतीती नाही तेथे नियमाला घट्ट धरून राहण्यावाचून गत्यंतर नसते.

हा आधार पुरविणाऱ्या पुस्तकांचा इतिहासही मुंबईशी निगडित आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतरमालेने मराठी विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना वाक्यागणिक इंग्रजी शिकविले. १९३० नंतरच्या दशकात रेन व मार्टिन यांचे व्याकरण पुढे आले. मुख्यतः हिंदुस्थानातील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी लिहिलेले हे पुस्तक स्वातंत्र्यानंतर भारतीय शाळांचा जणू धर्मग्रंथ बनले. त्याचे एक कर्ते पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस होते आणि बाहेरच्या जगात ते व्याकरणकार म्हणून नव्हे, तर 'बो जेस्ट' या १९२४ सालच्या साहसी कादंबरीचे लेखक म्हणून ओळखले जात, ही गोष्ट त्यांचे नियम पाठ करणाऱ्या फारच थोड्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.

३

इंग्रजीतील जे नियम अत्यंत कडक मानले जातात त्यांतील काहींची वंशावळ तपासली असता ती भाषेच्या स्वभावात आढळत नाही. वाक्याच्या शेवटी शब्दयोगी अव्यय येऊ नये, हा नियम घ्यावा. १६७२ साली कवी व नाटककार जॉन ड्रायडन याने बेन जॉन्सन याच्या लेखनात हा दोष दाखविला. त्यामागे लॅटिनचा आदर्श होता. लॅटिनमध्ये असे अव्यय नामापूर्वीच येते. १७६२ साली बिशप रॉबर्ट लाउथ याने आपल्या व्याकरणात याच प्रयोगाची चर्चा केली. तो घरगुती भाषेत चालतो, पण गंभीर लेखनात नामापूर्वी अव्यय ठेवणे अधिक शोभते, असे त्याचे मत होते. पुढील शतकातील शिक्षकांनी त्यातील 'शोभते' हा भाग गाळून त्याला निषेधाचे रूप दिले. 'टू' आणि क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, या नियमाची कथाही अशीच आहे. १८६४ साली हेन्री आल्फर्ड याने या प्रयोगाविषयी नापसंती व्यक्त केली आणि पाहता पाहता तो शिष्टाचाराचा विषय झाला. हे दोन्ही नियम तिसऱ्या वर्गात पडतात. ते मोडल्याने एकाही वाक्याचा अर्थ बिघडत नाही.

षष्ठीदर्शक लोपचिन्हाची स्थिती निराळी आहे. 'इट्स' या एकाच उच्चाराची इंग्रजीत दोन लेखनरूपे आहेत : लोपचिन्ह घातले तर 'ते आहे' असा अर्थ, न घातले तर 'त्याचे' असा. बोलताना हा भेद ऐकू येत नाही आणि तरीही संभाषण अडत नाही. म्हणजे संदर्भ पुरेसा असतो. सतराव्या व अठराव्या शतकांतील छापील इंग्रजीत 'त्याचे' या अर्थीही लोपचिन्ह सर्रास आढळते. अर्थात हा दुसऱ्या वर्गातला, संकेताचा, नियम होय. त्याच्या रक्षणासाठी इंग्लंडात जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ साली एक संस्थाच स्थापन केली. दुकानदारांना सौजन्यपूर्ण पत्रे पाठवून पाटीवरील चूक दाखविणे हे तिचे कार्य. २०१९ साली, वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी, अज्ञान व आळस यांचा विजय झाला असे सांगून त्यांनी काम थांबविले. पुढे ते इतरांनी चालू ठेवले. या गृहस्थांच्या निष्ठेविषयी आदर वाटावा असेच त्यांचे वर्तन होते. तथापि त्यांचा पराभव हा अर्थाचा पराभव नव्हता, एका संकेताच्या शिथिलतेची ती नोंद होती.

पहिल्या वर्गाचे उदाहरण अमेरिकेतील मेन या राज्यात घडले. तेथील कायद्याने काही कामांसाठी जादा वेळेचे वेतन देण्यातून सूट दिली होती. त्या कामांच्या यादीच्या शेवटी 'पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी बांधणी' असा अर्थ निघेल, अथवा 'पाठवणीसाठी बांधणी, किंवा वितरण' असाही अर्थ निघेल, अशी शब्दरचना होती. 'किंवा' या शब्दापूर्वी स्वल्पविराम असता तर दुसराच अर्थ निश्चित झाला असता. पण तो नव्हता. दुधाची वाहतूक करणारे चालक माल वितरित करीत, बांधीत नसत. आपले काम सूट मिळालेल्या यादीत येत नाही, असा दावा त्यांनी केला. २०१७ साली अपील न्यायालयाने कायद्यातील ही संदिग्धता मान्य करून चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ साली ५० लाख डॉलरांवर तडजोड झाली.

येथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात घेतली पाहिजे. यादीतील शेवटच्या पदापूर्वी स्वल्पविराम द्यावा की न द्यावा, याविषयी इंग्रजी लेखकांत मतभेद आहेत आणि मेन राज्यातील कायदे लिहिणाऱ्यांच्या मार्गदर्शिकेत तर तो देऊ नये असेच सुचविलेले होते. म्हणजे ज्याने कायदा लिहिला त्याने नियम मोडला नव्हता, पाळला होता. नियम पाळूनही वाचकाची सोय झाली नाही. सूचनाफलकावरील वर दिलेल्या मराठी वाक्याचेही नेमके हेच झाले आहे. ते वाक्य 'भाडेकरू व थकबाकीदार सभासद' असे फिरवून लिहिले, किंवा 'थकबाकीदार सभासद व थकबाकीदार भाडेकरू' अशी पुनरुक्ती पत्करली, तर संशय राहत नाही. कोणत्याही चिन्हाचे साहाय्य न घेता, केवळ शब्दांचा क्रम बदलून हे साधते.

४

विरामचिन्हे मराठीत आली ती इंग्रजीतून, आणि ती आणणारा मनुष्य इंग्रज होता. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ज्यांनी मोठा भार उचलला त्या मेजर टॉमस कँडी यांनी १८५० साली 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटे पुस्तक लिहून ही पद्धती मराठी वाचकांपुढे मांडली. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह ही मंडळी मराठी गद्यात स्थिरावली ती त्यानंतर. तत्पूर्वीच्या पोथ्यांत एकेरी व दुहेरी दंड असत. मोडी लिपीतील पत्रांत तर कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आधी शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जाण्याची चाल होती आणि शब्दाशब्दांत अंतरही सोडीत नसत.

मग शेकडो वर्षे राज्यकारभाराचा, देवघेवीचा, वतनांच्या तंट्यांचा लेखनव्यवहार चालला कसा? याचे उत्तर मराठी वाक्याच्या घडणीत आहे. मराठीत क्रियापद प्रायः वाक्याच्या शेवटी येते. ते आले की वाक्य संपले, हे वाचकाला वेगळ्या चिन्हावाचून कळते. विभक्तिप्रत्ययांमुळे कर्ता कोण व कर्म कोण, हे शब्दाच्या जागेवर अवलंबून राहत नाही. शिवाय जुन्या पत्रांत 'ऐसे', 'तरी', 'यास्तव', 'येणेप्रमाणे' यांसारखे शब्द ठराविक जागी येत आणि विरामाचे काम करीत. 'बहुत काय लिहिणे' हे शब्द आले म्हणजे पत्र संपत आले असे समजावे. इतकेच नव्हे, तर मजकूर संपला त्या जागी समाप्तिदर्शक छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब, उमटवीत. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस दिसणारी 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा याच जातीची. तिच्या पुढे कोणी काही वाढवू नये, हा तिचा हेतू. पूर्णविरामापेक्षाही अधिक दक्ष असे हे चिन्ह होते, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून जुने लेखक शुद्धतेविषयी बेपर्वा होते असे मात्र अनुमान काढू नये. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. मूळ पत्रातील 'धरावे' या शब्दातील 'ध' खोडून तेथे 'मा' करण्यात आला व त्यामुळे 'धरावे'चे 'मारावे' झाले, अशी आख्यायिका आहे. ऐतिहासिक दृष्ट्या तिचे प्रामाण्य कितीही कमी असो. 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ झाला, याचा अर्थ असा की, एका अक्षराने माणसाचा जीव जाऊ शकतो ही जाणीव भाषिक समाजात खोल रुजलेली होती. पण याच समाजाच्या मोडी लेखनात इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घभेद सामान्यतः दाखवीत नसत. जेथे अर्थ बदलतो तेथे प्राणांतिक जागरूकता आणि जेथे बदलत नाही तेथे मोकळीक, असा हा विवेक होता. तो कोणी सूत्ररूपाने मांडला नाही; व्यवहारानेच घालून दिला.

कँडी यांनी आणलेल्या चिन्हांची आवश्यकता तरीही निर्माण झाली. दवंडी ऐकणारा व कारकुनाकडून पत्र वाचून घेणारा श्रोता मागे पडून छापील पान एकट्याने व मुक्याने वाचणारा वाचक पुढे आला. मोठ्याने वाचणाऱ्याचा आवाज जे विराम पुरवीत असे ते आता कागदावर उमटणे भाग होते. इंग्रजीचे अनुकरण म्हणून नव्हे, तर या नव्या वाचकाची गरज म्हणून ती चिन्हे टिकली.

५

मराठीतील शुद्धलेखनाचा अर्वाचीन इतिहास पाहिला असता 'शुद्ध' ही कल्पना किती चल आहे याची खात्री पटते. १९६१ साली स्थापन झालेल्या मराठी साहित्य महामंडळाने सिद्ध केलेले चौदा नियम १९६२ साली राज्यशासनाने स्वीकारले. १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली. या नियमांनी केलेला सर्वांत दृश्य बदल म्हणजे उच्चारात नसलेल्या अनुस्वारांचा त्याग. तोपर्यंत 'कांहीं', 'नाहीं', 'आतां', 'केलें', 'घरें' असे लिहिणे हीच सुशिक्षितपणाची खूण होती. जो विद्यार्थी हे बिंदू विसरे त्याचे गुण कापले जात. नियम बदलल्यानंतर जो विद्यार्थी हे बिंदू देई त्याचे गुण कापले जाऊ लागले. कोकणातील काही बोलींत तो अनुनासिक उच्चार टिकून आहे, ही गोष्ट वेगळी. प्रमाण उच्चारातून तो पूर्वीच गेला होता आणि लेखनाने ती वस्तुस्थिती उशिरा मान्य केली.

'कवि' आणि 'गुरु' या शब्दांचेही तसेच. संस्कृतातील ऱ्हस्व अंत्य स्वर जपणारे हे लेखन पूर्वी निर्दोष होते. आता मराठीत स्वतंत्रपणे आलेले हे शब्द 'कवी', 'गुरू' असे दीर्घान्त लिहावयाचे आणि समासाच्या पूर्वपदी मात्र 'कविराज', 'गुरुदक्षिणा' असे ऱ्हस्व ठेवावयाचे. लॅटिनने इंग्रजी व्याकरणकारांवर जी छाया टाकली तीच संस्कृताने मराठी व्याकरणकारांवर टाकली. भेद इतकाच की, मराठीतील शेकडो शब्द प्रत्यक्ष संस्कृतातून जसेच्या तसे आलेले असल्याने येथे ती छाया अधिक सकारण होती.

परंतु सर्वच अनुस्वार गेले नाहीत, आणि जे राहिले ते का राहिले हे पाहण्यासारखे आहे. अनेकवचनी सामान्यरूपावरील अनुस्वार नियमांनी कायम ठेवला. 'घरात' म्हणजे एका घरात. 'घरांत' म्हणजे अनेक घरांत. एखाद्या मृत सभासदाची सदनिका हस्तांतरित करावयाची असून ठरावात 'वारसाच्या संमतीने' असे लिहिले आहे की 'वारसांच्या संमतीने' असे लिहिले आहे, यावर एका भावाची सही पुरेशी की सर्व भावंडांची सही आवश्यक, हे ठरू शकते. हा बिंदू अर्थरक्षक आहे. तो गाळणे हे आळसाचे नव्हे, अन्यायाचे कारण होऊ शकते. कौतुकाची गोष्ट ही की, 'कांहीं'वरील दोन निरुपयोगी बिंदूंसाठी ज्या वर्गांत छडी चालली त्याच वर्गांत 'घरात' व 'घरांत' यांतील भेद समजावून सांगण्यास क्वचितच वेळ मिळाला असेल.

ह्रस्वदीर्घाची बाब या दोहोंच्या मध्ये पडते. संस्कृतातून आलेल्या शब्दांत 'दिन' व 'दीन', 'सुत' व 'सूत', 'शिर' व 'शीर' अशा जोड्या आहेत. तेथे भेद अर्थाचा आहे. परंतु मराठी घडणीच्या शब्दांत इकार-उकारांचे ऱ्हस्वत्व-दीर्घत्व बहुतांशी शब्दातील स्थानावरून ठरते : अंती दीर्घ, अंत्य व्यंजनाच्या लगत मागे दीर्घ, अन्यत्र प्रायः ह्रस्व. जे स्थानावरून आपोआप ठरते त्याने दोन शब्दांचे अर्थ वेगळे होत नाहीत. म्हणून 'दहीसर' लिहिणाऱ्याची चूक ही संकेताची चूक आहे. ती सुधारावी, पण तिला अज्ञानाचा किंवा संस्कारहीनतेचा पुरावा मानू नये.

६

हा विवेक केवळ विद्वानांच्या चर्चेचा विषय असता तर त्यावर इतका विस्तार करण्याचे प्रयोजन नव्हते. त्याचा खरा परिणाम वर्गात होतो. ज्या मुलाच्या घरी 'पानी' व 'आनि' म्हणतात ते मूल शाळेत येते तेव्हा त्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगता येतात. लेखनात 'ण' आणि 'न' वेगळे ठेवावे, कारण 'मन' व 'मण', 'वन' व 'वण' हे भिन्न शब्द आहेत आणि वाचकापुढे लिहिणाऱ्याचा चेहरा नसतो, ही एक गोष्ट. तुझ्या घरची बोली अशुद्ध आहे, ही दुसरी. पहिली सत्य आहे व उपयोगी आहे. दुसरी भाषाशास्त्राच्या दृष्टीने निराधार आहे. कारण त्या बोलीलाही तिचे स्वतःचे, प्रमाणभाषेइतकेच काटेकोर व्याकरण असते. आणि तिचा परिणाम असा होतो की, मूल 'ण' शिकण्याऐवजी तोंड मिटून बसण्यास शिकते.

इंग्रजीच्या वर्गात तर या प्रसंगाची तीव्रता अधिक. मराठी मूल 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स फोर इयर्स' असे लिहिते. इंग्रजीच्या नियमाप्रमाणे येथे 'हॅव बीन लिव्हिंग' व 'फॉर' हवे. पण ही चूक निष्काळजीपणाची नाही. 'मी येथे चार वर्षांपासून राहत आहे' या मराठी वाक्यात भूतकाळी सुरू होऊन आजही चालू असलेली क्रिया वर्तमानकाळानेच सांगतात आणि 'पासून' हा एकच शब्द आरंभाचा क्षण व गेलेला अवधी या दोहोंना पुरतो. मूल एका सुसंगत नियमाच्या जागी दुसऱ्या भाषेचा सुसंगत नियम लावीत असते. 'अ' आणि 'द' ही उपपदे ते गाळते, कारण मराठीत तशी उपपदे नाहीत. हे कारण शिक्षकाने उलगडून दाखविले तर एका चुकीबरोबर त्या जातीच्या शंभर चुका दुरुस्त होतात. नुसती तांबडी रेघ ओढली तर ती एकच चूक, आणि तीही त्या दिवसापुरती, दुरुस्त होते. नोकरीच्या अर्जात, परीक्षेत, मुलाखतीत या चुकांचे मोल मुलाला पुढे द्यावे लागते हे खरे आहे. म्हणूनच त्या सुधारणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. परंतु मोल द्यावे लागते म्हणून ती चूक बुद्धीची ठरत नाही.

आग्रह असावा तर कसा असावा, याचे आदर्श मराठीत आहेत. ठाण्याचे अरुण फडके यांनी 'मराठी लेखन-कोश' रचला आणि 'शुद्धलेखन ठेवा खिशात' ही पुस्तिका काढली. २०२० साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या कार्याचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी लोकांना चुका दाखविल्या त्याहून अधिक, चुका टाळण्याची साधने त्यांच्या हाती दिली. १९२५ साली ज्यू कुटुंबात जन्मलेल्या यास्मिन शेख यांनी मराठी व्याकरणाचे अध्यापन केले, 'मराठी शब्दलेखनकोश' सिद्ध केला आणि 'अंतर्नाद' मासिकाला व्याकरणविषयक सल्ला दिला. लेखनशुद्धी हा कोणा एका जातीचा किंवा घराण्याचा वारसा नसून तो अभ्यासाने मिळणारा अधिकार आहे, हे सिद्ध करण्यास त्यांचे नावच पुरे आहे.

सारांश, नियम दिसला की तो कोणाच्या उपयोगाचा आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा. वाचकाला अर्थ नेमका कळावा म्हणून असलेला नियम कधीही शिथिल करू नये; तेथे आग्रह जितका कडक तितका थोडाच. वाचनाच्या सोयीसाठी असलेला संकेत शिकवावा, पाळावा, चुकल्यास शांतपणे दुरुस्त करावा आणि तो उद्या बदलू शकतो याची आठवण ठेवावी. केवळ लिहिणाऱ्याची पायरी दाखविण्यापुरता उरलेला नियम मात्र कोणाच्याही गुणपत्रिकेत उतरू देऊ नये. स्थानकाच्या फलकावर 'दहिसर' हे रूप ह्रस्वच असावे. ते तसे आहे हे योग्यच आहे. परंतु परीक्षकाच्या तांबड्या शाईला मर्यादा असेल, तर ती दीर्घ 'ही'वर खर्च करण्यापूर्वी संस्थेच्या सूचनाफलकावरील त्या 'व'पाशी आणि ठरावातील 'वारसां'वरच्या त्या एका बिंदूपाशी थांबावे.